पाच मुंडकी, दोन पाय

हे सगळं सुरू झालं ते नीरो मेला त्या वर्षी, जून महिन्यात, पुतेओलीच्या बंदरात. आणि संपलं ते त्याच्यामागून आणखी तीन राजे येऊन मेल्यावर, चौथ्याच्या पहिल्या हिवाळ्यात. मी तेव्हा एकतीस वर्षांची असेन. नक्की सांगता येत नाही, कारण गुलामाच्या पोरीचा जन्म कोणी लिहून ठेवत नाही. पण माझी मालकीण ग्रानिया, तिचा लिहिलेला होता, आणि मी तिच्याहून दोन महिन्यांनी मोठी. माझ्यामुळे माझ्या आईला दूध आलं आणि ते तिनं दोघींना पाजलं. आधी तिला, उरलं तर मला. गेल्या महिन्यात पुन्हा एकदा राजा बदलला. सकाळी दुकानात शिडाचं कापड उलगडत होते, तेवढ्यात चौकातून छिन्नीचा आवाज आला. दगडावरचं जुन्या राजाचं नाव खरवडत होते. शेजारीण दारातून म्हणाली, "त्याचं नाव घेऊ नका हं आता, थालूसाबाई." मी म्हटलं, "एरवी तरी कुठं घेत होते?" ती हसून गेली. माझा हात मात्र कापडावर तसाच राहिला. छिन्नीचा प्रत्येक ठोका मानेच्या मागच्या बाजूला, डाव्या कानाखाली लागत होता, आणि तिथं काहीतरी गरम टेकल्यासारखं वाटत होतं. इतक्या वर्षांनी.

त्या दिवशीही सकाळच होती. डोंगरावरचा गंधकाचा वास नेहमीप्रमाणे खिडकीतून येत होता. आम्हा इथल्या लोकांना तो वास नसला तरच जाणवतं. मी ग्रानियाच्या कपाळावरच्या बटा काढत होते. तेव्हा कपाळावर कुरळ्या बटांच्या तीन ओळी लागत, एकीवर एक, आणि प्रत्येक बट तापलेल्या सळईवर गुंडाळून मनात वीस आकडे मोजायचे. वीसच. पंधराला सोडली तर दुपारपर्यंत उतरते, पंचवीसला जळते. एक बट सैल पडली. मी खाली पडलेली फणी उचलायला वाकले तेव्हा ग्रानिया तिच्या नणंदेबद्दल काहीतरी सांगत होती. तिनं निखाऱ्यावरची सळई उचलली, आरशात त्या सैल बटेकडे पाहिलं आणि बोलता बोलता सळई माझ्या मानेवर टेकवली. रागानं नाही. हातातली वस्तू जवळच्या फळीवर ठेवून द्यावी, तशी. "आणि बाईनं काय करावं, तर मासे परत पाठवले," हे वाक्य तिनं मध्ये तोडलंसुद्धा नाही. याआधी तिनं मला दुखवलं नव्हतं असं नाही. चिमटे, थपडा, एकदा टाचणी दंडात. ते सगळं रागाच्या भरातलं, आणि राग ओसरला की ती स्वतः तेल लावायला यायची. या वेळी तिला कळलंच नव्हतं. मासे परत पाठवल्यावर काय झालं ते ती सांगत राहिली. मी शेवटची बट पुरी केली, वीस मोजून. मग बाहेर पडले.

दारात कार्पुस बसला होता, आमचा म्हातारा दारवान. माझ्या लहानपणापासून तो म्हाताराच होता.

"कुठं निघालीस?"

"येते."

"फणी घेऊन?"

हातात फणी होती. मी ती त्याच्याकडे दिली. तो माझ्या मानेकडे पाहत होता. खिडकीतून त्यानं सगळं पाहिलं होतं. "जा मग," एवढंच म्हणाला, आणि चौकाचा रस्ता ज्या बाजूला होता तिकडून पाय आवरून घेतले.

आपल्याकडे हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी करत नाही: मालकाचा जाच असह्य झाला तर गुलामानं राजाच्या पुतळ्याचे पाय धरायचे. पाय धरलेल्याला ओढून नेता येत नाही. गावाला त्याचं गाऱ्हाणं ऐकावं लागतं, आणि जाच खरा ठरला तर मालकाला तो गुलाम दुसऱ्याला विकावा लागतो. सुटका नाही, नुसतं घर बदलतं. पण नाही ठरला, तर परत त्याच दारात, आणि मग काय होतं ते बोलायची गरज नसते. मी असलं काही ठरवून निघाले नव्हते. चौकात आले, ऊन होतं, नीरोच्या पुतळ्याचा चौथरा बुटका होता, मी त्यावर चढले आणि त्याच्या गुडघ्यांना मिठी मारली. दगड गरम होता. मान भाजलेली आणि गाल गरम दगडावर, तरी बरं वाटलं. आई गेल्यापासून मी कशालाच अशी मिठी मारली नव्हती.

नगरसभेचा लेखनिक पाक्कियुस कांदा-पाव खात आला. जाडा, घामेजलेला, सगळ्या जगाचं काम आपल्याच गळ्यात पडतं असा चेहरा.

"काय हे सकाळी सकाळी," तो म्हणाला. "कोणाची तू?"

"ग्रानियाबाईंची."

"आणि आजच सुचलं? उद्या सुट्टी, परवा सुट्टी. कसलं गाऱ्हाणं?"

मी मान दाखवली. त्यानं घास चावत पाहिली. "हं," म्हणाला आणि मेणाच्या पाटीवर लिहू लागला. "आज अमुक दिवशी, नीरो महाराजांच्या पायांशी..."

तीन दिवस मी तिथंच होते. ग्रानिया रोज संध्याकाळी यायची. पहिल्या दिवशी डोक्यावरून पदर घेऊन, कारण बटा उतरल्या होत्या आणि दुसरं कोणाला त्या काढता येत नव्हत्या. लोक पाहत होते म्हणून ती हळू बोलायची.

"थालू, पुरे झालं आता. घरी चल."

"नाही बाई."

"मी काही केलं का? काय केलं मी? सांग तरी."

तेव्हाच मला कळलं की तिला खरोखरच आठवत नव्हतं. ती चौथऱ्याच्या कडेवर बसली, आम्ही दोघी लहानपणी बंदराच्या भिंतीवर बसून शिंपल्यातलं मांस टाचणीनं काढून खायचो तशी, पाय सोडून, आणि बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिली. "तुझ्याशिवाय घर कसं भकास वाटतं," ती म्हणाली. आणि ते खरंच होतं. तिचा नवरा मेलेला, मुलं झाली नाहीत. माझ्याशी बोलल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नसे. माझा तिच्याशिवाय उजाडला असता का, हे मला माहीत नव्हतं, आणि तेच मला बघायचं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी रोमहून घोडेस्वार आला: नीरो मेला. त्याला राष्ट्राचा शत्रू ठरवलं होतं. दिवस मोजले तेव्हा कळलं की मी त्याचे पाय धरले त्या आधीच तो मेलेला होता. चौकात लोक ओरडत होते, कोणी हसत होते, कोणी पटापट दुकानं बंद करत होते, आणि मी त्या मेलेल्या माणसाच्या गुडघ्यांना घट्ट धरून होते. पाक्कियुस धापा टाकत आला. "बाई, तुझ्यामुळे माझी झोप उडणार," तो म्हणाला. "आसरा कोणाचा? नीरोचा. नीरो कोण? शत्रू. शत्रूच्या पायांशी केलेलं गाऱ्हाणं मी कुठल्या वहीत लिहू? आणि नाही लिहिलं, तुला मालकिणीकडे सोपवलं, आणि उद्या बातमी खोटी निघाली, तर राजाच्या पायांवरून माणूस ओढला म्हणून माझंच मुंडकं जायचं." शेवटी त्यानं दोन्ही बाजूंनी स्वतःला सांभाळणारा उपाय काढला. गाऱ्हाणं उभं, पण नव्या राजाचा पुतळा झाला की त्याचे पाय नव्यानं धरायचे. तोवर मला, राजांना देव मानून पुजतात त्या देवळामागच्या खोलीत ठेवायचं. मी ना तिची, ना सुटलेली.

पुतळा काही नवा झाला नाही. गवंडी ओप्पियुस शिडी लावून चढला आणि मी खाली असतानाच मानेत पाचर ठोकू लागला. "बाई, जरा सरका. मुंडकं येतंय." ते दोराला लटकत माझ्याजवळून खाली गेलं, नाक भिंतीकडे. मग तीन महिने तो पुतळा बिनडोक्याचा उभा होता, हात पुढे करून, कोणाला तरी काहीतरी सांगत असल्यासारखा. मी विचारलं, "मग आता हे पाय कोणाचे?" ओप्पियुस म्हणाला, "पाय गावाचे. पायांकडे कोण बघतं?" सप्टेंबरात नव्या राजाचं, गाल्बाचं मुंडकं बसलं, टकलं, ओठ आवळलेलं, अंगाच्या मानानं लहान. पाक्कियुस मला साक्षीदारांसमोर चौकातून घेऊन गेला. ग्रानियालाही यावं लागलं, कारण मालक हजर नसला तर आसरा धरला जात नाही असं त्याचं म्हणणं. मी पाय धरले, त्यानं लिहिलं, सुनावणी जानेवारीत. जानेवारीत गाल्बाला मारलं. मग ओथो आला, त्याला नीरोची आठवण प्रिय म्हणे, म्हणून कोठारातलं जुनंच मुंडकं धुऊन परत बसवलं. पाक्कियुसनं विचारात पडून डोकं खाजवलं आणि ते ओथोचंच समजून लिहून टाकलं. सुनावणी एप्रिलअखेर. एप्रिलच्या मध्यात ओथोनं स्वतःला सुरा मारून घेतला. मे महिन्यात ग्रानिया म्हणाली, "तू जरा बघून तरी राजा धरत जा गं." मला हसू आलं, तिलाही आलं, आणि पाक्कियुसनं दोघींकडे असं पाहिलं की जणू आम्ही देवळात हसलो. मग वितेल्लियुस, गालांसाठी नव्या दगडाचं मोठं मुंडकं. त्या उन्हाळ्यात गाव कोणाच्या बाजूचं हेच ठरत नव्हतं, आणि कोणीही कसलीही सुनावणी घ्यायला तयार नव्हतं.

ती खोली. आता डोळे मिटले की मला ग्रानियाचं घर दिसत नाही, हे दुकानही दिसत नाही, ती खोलीच दिसते. दिव्याच्या तेलाचे बुधले, सणाच्या माळांच्या वाळलेल्या काड्या, आणि एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलेली उतरवलेली मुंडकी. मी सकाळी देऊळ झाडायची, दिवे पुसायची. मग काही नाही. दीड वर्षात मी कोणाच्या केसांना हात लावला नाही. बोटांच्या टोकांवरची जळकी कातडी गळून गेली आणि खालून नवी आली, इतकी मऊ की भाकरीची कड टोचायची. कोणी "थालू" म्हणून हाक मारत नसे. सुरुवातीला मी दचकून उठायची, हाक आली असं वाटून. मग पावसाळी एका सकाळी जाणवलं की कित्येक दिवसांत मी दचकले नाही. पाक्कियुसला दुपारी काम नसे, तो वारा खायला तिथं येऊन बसे आणि त्याच्या पाटीवरून मी अक्षरं शिकले. पहिली अक्षरं मी वाचली ती राजांच्या नावांची, आणि वाचता येईपर्यंत ती खोडली गेलेली असत. कार्पुस आठ-दहा दिवसांनी उकडलेले हरभरे घेऊन यायचा. दारात बसायचा, आत येत नसे. "बाई कशा आहेत?" मी विचारायची. "बटा नाही काढत आता. नुसतं गुंडाळतात," तो म्हणायचा. बाहेर राजे मरत होते, सैन्यं आल्प्स उतरत होती, रोम जळलं म्हणत होते, आणि मी एवढंच मागत होते की हे असंच चालावं. कोणी पक्का राजा येऊ नये. हे मी आज लिहिते आहे तेव्हा मला लाज वाटत नाही. लोक मरत होते हे खरं. मला झोप लागत होती हेही खरं.

पण डिसेंबरात वितेल्लियुसही गेला आणि वेस्पासियानुस आला, आणि गावाला, गावाच्या नव्या न्यायाधीशाला, एकदम सगळी मागची कामं उरकायची घाई झाली. जानेवारीत मी पाचव्यांदा ते पाय धरले. दगड गार होता. माझ्या लक्षात आलं की उजव्या गुडघ्यावर, जिथं माझा गाल टेकायचा, तिथं तो गुळगुळीत झाला आहे. त्याच दिवशी दुपारी सुनावणी, सभागृहात, शेगडीजवळ. न्यायाधीश तरुण होता, हात शेकत होता.

"जाच काय?"

"सळईनं भाजलं, महाराज. मानेवर."

"दाखव."

मी केस वर केले. त्यानं पाहिलं, लेखनिकाला पाहायला लावलं. दीड वर्ष झालं होतं. त्या जागी पांढुरका डाग तेवढा उरला होता, बोटभर.

"ही जन्मखूण असेल," न्यायाधीश म्हणाला. "कोणी पाहिलं होतं?"

कार्पुस दाराशी उभा होता. गुलामाची साक्ष छळ केल्याशिवाय धरत नाहीत. दोर, चाबूक, सांधे ताणायचा खोडा, त्यातून जे निघेल ते खरं मानतात. हे त्याला माझ्याहून जास्त माहीत होतं. त्याचं वय सत्तरीच्या पुढं. मी मागं पाहिलं नाही, पण त्याची काठी फरशीवर पुढं सरकल्याचा आवाज मी ऐकला. एकदा. मग पुन्हा.

"कोणी नव्हतं," मी म्हणाले.

काठी थांबली. न्यायाधीशानं खांदे उडवले. मला वाटतं तेवढ्यात मी ते घर परत पाहिलं: आरसा, निखारे, वीसपर्यंत मोजायचं, आणि रात्री तिच्या पलंगाच्या पायाशी माझी चटई. मला रडू आलं नाही. मऊ बोटं मुठीत धरून मी उभी होते, ती पुन्हा भाजणार म्हणून त्यांचंच वाईट वाटत होतं.

"कार्पुस होता की," ग्रानिया म्हणाली.

न्यायाधीशानं दाराकडे पाहिलं, शिपायानं पट्ट्यावरचा हात हलवला.

"त्याला कशाला उठवता?" ती पुढं म्हणाली, आवाज तोच, नणंदेच्या माशांबद्दल बोलत होती तो. "मीच सांगते ना. भाजलं मी. लिहा आणि सोडा सगळ्यांना."

पाक्कियुसनं लिहिलं. मला विकायचा हुकूम झाला. बाहेर पडताना ती माझ्या शेजारून गेली, पदर सावरत, माझ्याकडे न बघता. मी तिला काहीतरी म्हणायला हवं होतं. काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

मला घेतलं हेल्वियाबाईंनी, बंदरावर शिडं शिवणारी विधवा. तोंडाची फटकळ, हाताची सैल, कधी मारलं नाही, कधी मायाही केली नाही. तिच्याकडे मी दाभण धरायला शिकले आणि बोटांवर पुन्हा कातडी आली, पण वेगळी, माझ्या कामाची.

ओप्पियुस गवंडी तेरा वर्षांनी शिडीवरून पडून मेला. तेव्हा तो मुंडकं नव्हे, एका घराची पन्हळ बसवत होता. ते पुतळ्याचे पाय भूकंपात तुटले आणि आता बंदराच्या भिंतीत भरीला गेले आहेत, कुठल्या भागात ते मला विचारलं तर सांगता येईल. पाक्कियुसनं काम सोडल्यावर वेसुवियुसच्या पायथ्याशी द्राक्षांची लहान बाग घेतली. तो डोंगर फुटला त्या दिवशी आमच्या चौकातही राख पडली, मऊ, कोमट. पाक्कियुसविषयी नंतर कोणाला काही कळलं नाही. कार्पुस सुनावणीनंतर दोन वर्षांनी दारातच बसल्या बसल्या गेला. संध्याकाळपर्यंत लोक त्याला नमस्कार करत आत-बाहेर करत होते.

ग्रानियाला मी पुन्हा एकदाच भेटले. वेस्पासियानुस मेल्याची बातमी गावात आली त्या आठवड्यात ती आमच्या दुकानात आली, म्हणाली अंगणात सावलीला कापड हवंय. केस पांढरे, मागं गाठ मारलेली. कापड मापताना मी विचारलं. नऊ वर्षं पोटात ठेवलेलं. "बाई, त्या दिवशी तुम्ही हो का म्हणालात?"

तिनं कापडाचा काठ बोटांनी चाचपला. "मला वाटलं, हाही चार महिन्यांत मरणार," ती म्हणाली. "मग परत नवं मुंडकं, परत तो कांद्याच्या वासाचा माणूस, परत चौकात सगळ्यांसमोर उभं राहायचं. सहाव्यांदा कोण येणार होतं? म्हटलं टाकावं सांगून." मग ती हसायला लागली, तोंडावर हात घेऊन, लहानपणी हसायची तशी. "आणि हा बघ! नऊ वर्षं टिकला की गं!"

मीही हसले. खूप हसलो. हेल्वियाबाई आतून ओरडल्या, "काय चाललंय?" ग्रानियाला तेव्हा ते भाजल्याचं आठवत होतं का, की तिनं न आठवताच हो म्हटलं होतं, हे मी विचारलं नाही. तीन महिन्यांनी, त्याच शरद ऋतूत, ती तापानं गेली. निरोप मला उशिरा मिळाला.

हेल्वियाबाईंनी मरताना मृत्युपत्रात मला मुक्त केलं आणि दुकान माझ्याकडे आलं. लोक विचारतात, तुम्हाला कोणी सोडवलं, तर मी त्यांचंच नाव सांगते. कागदावर तेच आहे, आणि माझ्या नावाला त्यांचंच नाव जोडलेलं आहे. ग्रानियाचं नाव मी या कामी कधीच कोणापुढं घेतलं नव्हतं. ते आज लिहिलं.